गार मार्चमध्ये पडते, छत जूनमध्ये गळतं: तपासणी नेमकी कधी करायची?

गारपिटीच्या बातमीचा एक ठरलेला साचा आहे. पांढरं झालेलं शेत, आडवा पडलेला गहू, द्राक्षाच्या फुटलेल्या मण्यांचा क्लोजअप, एखाद्या गाडीची तडकलेली काच. दोन दिवस व्हिडिओ फिरतात आणि विषय संपतो. या सगळ्यात घराचं छत सहसा नसतं, कारण त्या दिवशी ते धडधाकट दिसतं. पत्र्यावर चार पोचे, एखाद्या कौलाला केसाएवढी चीर, सोलर पॅनेलवर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, सगळं वाळतं, आणि घरातले सगळे म्हणतात, "वाचलो बुवा!"

मग जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस येतो आणि टीव्हीच्या मागच्या भिंतीवर ओल उतरते. तोपर्यंत पंचनाम्याची वेळ निघून गेलेली असते, विमा कंपनी विचारते "हे गारांनीच झालं कशावरून?", आणि गावातले पत्रे बसवणारे सगळे कारागीर महिनाभर बुक असतात.

म्हणजे गारपिटीत छताचं खरं नुकसान दोनदा होतं. एकदा गारांनी, आणि दुसऱ्यांदा आपण उशीर केल्यामुळे. पहिलं आपल्या हातात नाही, दुसरं आहे. आणि त्यासाठी लागणारं मुख्य साधन तुमच्या खिशातच आहे.

लिंबाएवढी गार बोराएवढ्या गारेच्या दुप्पट मारत नाही

आधी थोडं विज्ञान, कारण "तपासणी करायची की नाही" याचं उत्तर त्यातच आहे.

महाराष्ट्रात गारा मुख्यतः फेब्रुवारी ते मे या काळात पडतात. जमीन तापलेली असते, समुद्राकडून दमट हवा येते आणि वरच्या थरात कोरडी, थंड हवा असते. अशा वेळी ढग झपाट्याने उंच वाढतो. त्याच्या आत हवेचा जोरदार झोत वरच्या दिशेने वाहत असतो. शून्याखाली तापमान जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब बर्फाच्या कणावर चिकटतात, गोठतात, आणि गार वाढत जाते. वर जाणारा झोत तिला पेलू शकतो तोपर्यंत ती आतच राहते. पेलेनाशी झाली की खाली येते. ऐन पावसाळ्यात आपल्याकडे गारा फारशा पडत नाहीत, कारण तेव्हा हवा बऱ्याच उंचीपर्यंत उबदार आणि दमट असते. बर्फ तयार झाला तरी खाली येईपर्यंत त्याचं पाणी होतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचं वजन आठपट होतं. शिवाय मोठी गार जास्त वेगाने पडते; व्यास दुप्पट झाला तर वेग साधारण १.४ पट होतो. आघाताची ऊर्जा वजन आणि वेगाचा वर्ग यांच्यावर ठरते. हिशोब मांडला तर ८ गुणिले २, म्हणजे १६. दोन सेंटीमीटरच्या बोराएवढ्या गारेपेक्षा चार सेंटीमीटरची लिंबाएवढी गार जवळपास सोळापट जोराने आदळते.

म्हणून "गारा पडल्या" एवढं सांगून छताबद्दल काहीच कळत नाही. केवढ्या पडल्या हे कळलं पाहिजे. हरभऱ्याएवढ्या गारा दहा मिनिटं पडल्या तर चांगल्या पत्र्याचं काही बिघडत नाही. लिंबाएवढ्या फक्त दोन मिनिटं पडल्या तरी तपासणी करावीच लागते.

सोपी खूण लक्षात ठेवा: दहा रुपयांचं नाणं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. गार त्याच्याएवढी किंवा मोठी असेल, तर छप्पर कसलंही असो, तपासणी करायची. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवासुद्धा एक इंच, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गारा असतील तर वादळाला "तीव्र" म्हणते. गार नाण्यापेक्षा लहान असेल, पण छत जुनं, गंजलेलं किंवा सिमेंटच्या पत्र्याचं असेल, तरीही एक नजर टाकायलाच हवी.

तुमच्या छतावर काय पडलं, हे कुठल्याच यंत्रणेला माहीत नसतं

इथे अनेकांचा गैरसमज होतो. "हवामान खात्याकडे नोंद असेलच की!" असं वाटतं. नोंद असते, पण तुमच्या घराची नसते.

हवामान खात्याचे डॉप्लर रडार ढगात लहरी सोडतात आणि परत आलेल्या लहरींवरून आत काय आहे याचा अंदाज बांधतात. गारा असलेल्या ढगातून लहरी खूप जोरात परत येतात. दोन दिशांच्या लहरी वापरणारे नवे रडार तर थेंब आणि गार यांतला फरकही बऱ्यापैकी ओळखतात. पडताना मोठा थेंब चपटा होतो, गार मात्र गडगडत येत असल्यामुळे रडारला गोल भासते. पण रडार बघतो ढगात, जमिनीपासून बरंच वर. गारपिटीचा पट्टा जमिनीवर कधी काही शे मीटर तर कधी काही किलोमीटर रुंद असतो. गावाच्या वेशीपलीकडे सडा आणि अलीकडे फक्त सरी, हा अनुभव ग्रामीण भागात नवा नाही.

मग गावोगावच्या स्वयंचलित हवामान केंद्रांचं काय? महसूल मंडळांच्या पातळीवर बसवलेली ही केंद्रं पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. गारेचा आकार मोजत नाहीत. पर्जन्यमापकात पडलेली गार वितळली की तिची नोंद पाऊस म्हणूनच होते. म्हणजे तुमच्या घरावर लिंबाएवढ्या गारा पडल्या तरी डेटामध्ये ते "अमुक मिलिमीटर पाऊस" असं दिसू शकतं.

याचा अर्थ सरळ आहे. तुमच्या छतावर, त्या दिवशी, एवढ्या आकाराची गार पडली याचा एकमेव पुरावा तुमच्या फोनमधला फोटो असू शकतो. आणि गार अर्ध्या तासात वितळते.

छत कोणतं, त्यावर दुखणं ठरतं

यूट्यूबवर गारपीट आणि छप्पर असं शोधलं तर बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले येतात. तिथली घरं डांबरी शिंगल्सची. त्यांचे दाणे गळतात का, डाग पडतात का, असं ते तपासतात. आपल्याकडे ती पद्धत कामाची नाही. आपली छतं वेगळी आणि त्यांची दुखणीही वेगळी.

*लोखंडी किंवा रंगीत पत्रा.* पोचा पडला म्हणजे लगेच गळती होत नाही. पण पोच्याच्या जागी रंग आणि खालचा जस्ताचा थर तडकतो, तिथे पाणी साचतं आणि गंज सुरू होतो. छिद्र पडायला दोन-तीन पावसाळेही लागू शकतात. त्याहून लवकर दगा देते ती बोल्टची जागा. गारांच्या माऱ्याने आणि सोबतच्या वाऱ्याने पत्रा हादरतो, बोल्टभोवतीचं भोक मोठं होतं आणि उन्हाने कडक झालेला रबरी वॉशर तुटतो. गळती बहुतेक वेळा तिथूनच येते.

*सिमेंटचा पत्रा.* हा सगळ्यात नाजूक. तो वाकत नाही, थेट तडकतो. चीर कधी फक्त खालच्या बाजूने दिसते, कधी फक्त वरून. यातल्या अनेक पत्र्यांत, विशेषतः जुन्या, एस्बेस्टॉस असतं. त्याचे सगळे प्रकार कर्करोगाला कारणीभूत ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पत्रा अखंड असेपर्यंत धोका कमी. फुटला की तंतू हवेत जाऊ शकतात. म्हणून तुकडे कोरडे झाडू नका. आधी पाणी मारून ओले करा, मास्क लावून उचला आणि जाड पिशवीत बांधून ठेवा. ड्रिल किंवा कटर त्यावर चालवू नका.

*मंगलोरी कौलं.* फुटलेलं कौल दिसतं, तडकलेलं दिसत नाही. इथे जुनी युक्ती आजही बिनचूक आहे. मडकं घेताना वाजवून बघतो तसं कौल बोटाने वाजवायचं. चांगलं कौल खणखणीत वाजतं, चिरलेलं बद्द आवाज देतं.

*सिमेंट काँक्रीटचा स्लॅब.* गारांनी स्लॅब फुटत नाही. पण वरचं वॉटरप्रूफिंग, कोबा किंवा चिनी मोझॅकच्या फरशा तडकतात. दुसरी गोष्ट म्हणजे गारा आणि झाडांची तुटलेली पानं मिळून पाणी जाण्याचा पाइप तुंबवतात आणि गच्चीचं तळं होतं. पाण्याच्या प्लास्टिक टाकीचं झाकण, उघडे पाइप आणि डिशची छत्री हेही बघा.

*फायबर किंवा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा.* उजेडासाठी मध्ये एखादा असतो. काही वर्षं उन्हात राहिला की ठिसूळ होतो. गारपिटीत भोक पडण्याची शक्यता इथे मोठी.

*सोलर पॅनेल.* फेब्रुवारी २०२४ मध्ये "पीएम सूर्यघर" योजना सुरू झाली. तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळायला लागलं आणि लहान शहरांतल्या गच्च्यांवरही पॅनेल दिसू लागले. म्हणजे गारपिटीत पणाला लागणारी छतावरची मालमत्ता वाढली आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पॅनेलच्या चाचणीत साधारणपणे २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने, अकरा ठिकाणी मारतात. ही चाचणी चांगली कडक आहे, पण ती २५ मिलिमीटरची आहे. गार दहाच्या नाण्यापेक्षा मोठी असेल, तर तुम्ही चाचणीच्या हद्दीबाहेर गेलात असं समजा. काच न फुटताही आतल्या सेलला बारीक चिरा जाऊ शकतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण वीज कमी होते आणि पॅनेलचा काही भाग जास्त तापू लागतो.

घड्याळं तीन आहेत

"तपासणी कधी करायची?" याचं एकच उत्तर नाही. तीन कामांच्या तीन मुदती आहेत.

१. पहिला अर्धा तास: पुरावा. मारा थांबला आणि विजा शांत झाल्या की अंगणातल्या चार-पाच मोठ्या गारा गोळा करा. शेजारी दहाचं नाणं ठेवून वरून सरळ फोटो काढा. दोन-तीन गारा डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाका. मग एक सलग व्हिडिओ काढा: आधी घराचा दर्शनी भाग, मग अंगणातला सडा, मग छत. व्हिडिओ थांबवू नका आणि एडिट करू नका.

२. पहिले दोन-तीन दिवस: नोंद. खालून आणि आतून छत तपासा, फोटो काढा, तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, लेखी कळवा. विमा असेल तर कंपनीलाही कळवा. पीक विम्यात ७२ तासांत कळवण्याचा नियम एवढा गाजला की अनेक घरांत तो तोंडपाठ झाला. घराच्या बाबतीत मात्र अशी घाई कुणी करत नाही. करायला हवी. पंचनाम्याला माणूस येण्याआधी पत्रे बदलून टाकले तर पंचनामा कशाचा करायचा? तात्पुरती ताडपत्री टाका, पण फुटलेला पत्रा फेकू नका.

३. पहिल्या पावसाआधी: दुरुस्ती. ही मुदत सगळ्यात फसवी आहे. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीच्या छप्परदुरुस्तीला शाकारणी म्हणतात आणि "मृगाच्या आधी शाकारणी" हे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. मृग साधारण ७-८ जूनला लागतं. मुंबईत मान्सून पोहोचण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख आहे ११ जून. पण २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मेलाच दाखल झाला, सरासरीपेक्षा सोळा दिवस आधी. त्याआधीच्या आठवड्यांतही राज्यात अवकाळी पाऊस झोडपत होता. ज्यांनी "मेच्या शेवटच्या आठवड्यात बघू" म्हणून काम मागे ठेवलं, त्यांना तो आठवडा मिळालाच नाही.

दर वर्षी असंच होईल असं नाही. पण मुदत जूनची धरण्यात आता धोका आहे. आणि गारपिटीचा हंगामही दिलेल्या वेळेत बसत नाही. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागाला गारांनी पुन्हा पुन्हा झोडपलं होतं. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात ऐन हिवाळ्याच्या तोंडावर गारा पडल्या. तेव्हा सोपा नियम हा: मोठी गारपीट झाली की पंधरा दिवसांत तपासणी पूर्ण आणि एप्रिल संपायच्या आत दुरुस्ती पूर्ण. एप्रिल-मेमध्येच गारपीट झाली, तर पंधरा दिवसांचे पाच दिवस करा.

वर चढू नका, फोन वर पाठवा

गारपिटीनंतर घरातलं कुणीतरी शिडी लावून छपरावर चढतं. हीच सगळ्यात मोठी चूक. सिमेंटच्या आणि फायबरच्या पत्र्यावर माणसाने थेट पाय द्यायचाच नसतो. कारागीरसुद्धा आडव्या फळ्या टाकून चालतात. चिरलेला पत्रा वरून मजबूत दिसतो आणि पाय पडताच आरपार जातो. लोखंडी पत्रा ओला असला की निसरडा होतो. बाबा किंवा आजोबा "मी बघून येतो, दोन मिनिटांचं काम" म्हणाले, तर त्यांना थांबवण्याची जबाबदारी तुमची. त्यांच्या हातात शिडीऐवजी तुमचा फोन द्या.

जमिनीवरून करता येणारी तपासणी अशी:

• उजेडाची परीक्षा. भर दुपारी घरातले दिवे बंद करा, खिडक्या-दारं लावा आणि वर बघा. पत्र्याला किंवा कौलाला भोक असेल तर प्रकाशाचा ठिपका दिसेल. फोनवर फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. सोबत तो ठिपका कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीपासून किती पावलांवर आहे, हे लिहून ठेवा.

• तिरक्या उन्हाची परीक्षा. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर बाहेरून पत्र्याचे फोटो काढा. तिरक्या प्रकाशात पोच्यांची सावली पडते. दुपारच्या उन्हात तेच पोचे गायब होतात.

• सेल्फी स्टिक किंवा बांबू. फोन घट्ट बसवा, व्हिडिओ चालू करा आणि खिडकीतून किंवा गच्चीवरून छपराच्या पातळीवर हळूहळू फिरवा. विजेच्या तारा जवळ असतील तर हा प्रयोग अजिबात नको. ड्रोन वापरायचा तर डिजिटल स्कायच्या नकाशावर तुमचा भाग हिरव्या झोनमध्ये आहे का ते आधी बघा.

• पन्हळीची परीक्षा. पन्हळीत आणि पागोळ्यांच्या जागी खाली काय पडलंय ते बघा. रंगाचे पापुद्रे, रबराचे तुकडे, सिमेंटच्या कपच्या, कौलाचा चुरा: यातलं काहीही सापडलं तर वर काहीतरी तुटलंय.

• सोलरची परीक्षा. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्ये गारपिटीआधीचा एखादा स्वच्छ उन्हाचा दिवस आणि नंतरचा तसाच दिवस घ्या. दोन्ही आलेखांचा स्क्रीनशॉट काढा. पॅनेल धुतलेले असूनही उत्पादन ठळकपणे कमी दिसत असेल तर ज्यांनी बसवलं त्यांना बोलवा. काच तडकलेली असेल तर हात लावू नका. घरातला मेन स्विच बंद केला तरी उन्हात पॅनेल वीज तयार करतच राहतो.

मग कारागीर कधी बोलवायचा?

पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर स्वतः ठरवत बसू नका, माहितगार माणूस बोलवा: गार दहाच्या नाण्याएवढी किंवा मोठी होती, छतातून उजेड दिसतोय, सिमेंटचा पत्रा दहा वर्षांहून जुना आहे, बोल्ट हलतायत किंवा पत्रा वाऱ्यात वाजू लागलाय, आतून वासा किंवा लोखंडी पाइप वाकलेला दिसतोय, सोलरची काच तडकली आहे, शेजारच्या तीन-चार घरांचे पत्रे फुटलेत.

यातलं काहीच नसेल तर घाबरायचं कारण नाही. फोटो जपून ठेवा आणि पावसाळ्याआधी नेहमीची शाकारणी करा.

आणि हो, गारपिटीनंतर दोन दिवसांत "केमिकल कोटिंग मारून देतो, दहा वर्षांची गॅरंटी" म्हणत दारात येणारी मंडळीही असतात. गॅरंटी कुणाच्या नावाने, कुठल्या पत्त्यावर, हे बिलावर लिहून मागा. बिल नाही म्हणाले तर काम नाही. बिल विमा कंपनीलाही लागतं, हे विसरू नका.

पैसे कुठून येणार?

*सरकारी मदत.* गारपीट ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीतली आपत्ती आहे. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांनुसार, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये, झोपडीच्या नुकसानीला ८,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये अशी मदत आहे. राज्य सरकार वेळोवेळी यात स्वतःची भर घालतं, म्हणून तुमच्या वेळचा शासन निर्णय बघा.

या आकड्यांत नवे पत्रे बसत नाहीत, हे उघड आहे. तरीही एक शब्द महत्त्वाचा: १५ टक्के. तुमचं घर या रेषेच्या वर की खाली, हे पंचनाम्यात काय लिहिलं जातं यावर ठरतं. म्हणून एकूण पत्रे किती, फुटलेले किती, तडकलेले किती, बोल्ट सुटलेले किती, हे स्वतः मोजून कागदावर लिहा आणि पंचनाम्याच्या वेळी दाखवा. "बरेच फुटलेत" आणि "४० पैकी ९ फुटलेत" यांत फार फरक आहे. आणि मदतीच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या लिंकमध्ये आधार किंवा बँकेची माहिती भरू नका. पंचनामा माणूस येऊन करतो, लिंकवरून होत नाही.

*विमा.* इथे एक गंमत आहे. गाडीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत कोणकोणत्या कारणांनी झालेलं नुकसान भरून मिळतं, त्या यादीत गारपीट नाव घेऊन लिहिलेली असते. घराचं तसं नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" ही एकसारखी घरविमा पॉलिसी द्यावी लागते. त्यात वादळ, चक्रीवादळ, पूर अशा गोष्टी येतात. पण तुमच्या पॉलिसीत गारांचं काय, पत्र्याचं शेड आणि सोलर पॅनेल घराचा भाग धरलेत की नाही, हे घेतानाच ई-मेलवर विचारून घ्या. तोंडी "हो, सगळं कव्हर आहे" याला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

*पुरावा पाठवताना.* फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाण लपलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते आणि फोटोही बारीक होतो. म्हणून अटॅच करताना "डॉक्युमेंट" निवडून मूळ फाइल पाठवा, किंवा ई-मेल करा. मूळ फोटो क्लाउडवर साठवा. त्या दिवशीच्या हवामान खात्याच्या इशाऱ्याचा स्क्रीनशॉटही सोबत ठेवा.

पुढच्या वेळेसाठी फोन तयार ठेवा

हवामान खात्याच्या "मौसम" अ‍ॅपवर पुढच्या काही तासांसाठीचे तातडीचे इशारे मिळतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं "सचेत" अ‍ॅप तुमच्या ठिकाणानुसार अलर्ट देतं. "दामिनी" विजेचा इशारा देतं, गारांचा नाही. दोन्ही एकाच ढगातून येतात, म्हणून तेही असू द्या. २०२३ मध्ये अनेकांच्या फोनवर अचानक मोठ्याने वाजलेला चाचणी अलर्ट आठवत असेल. त्याचा त्रास झाला म्हणून तो बंद केला असेल, तर सेटिंग्जमध्ये "इमर्जन्सी अलर्ट" शोधून पुन्हा चालू करा.

आणि एक काम आजच करा. आकाश स्वच्छ असताना घराचे चारही बाजूंनी, छताचे आतून आणि बाहेरून असे दहा-बारा फोटो काढून ठेवा. गारपिटीनंतरचा फोटो नुकसान दाखवतो. आधीचा फोटो दाखवतो की ते नुकसान जुनं नव्हतं. पंचनामा करणारा असो वा विमा कंपनीचा सर्व्हेयर, दोघांचा पहिला प्रश्न हाच असतो. दहा फोटोंना पाच मिनिटंही लागत नाहीत.